चालत्या मोटारीचें अंतरंग

पाहुण्यानें दिवाणखाना पाहावा आणि घर पारखणाऱ्यानें स्वयंपाकघर पाहावें, असा आपल्याकडे एक जुना संकेत आहे. दिवाणखान्यांतील गालिचा घटकाभरांत पसरतां येतो. परंतु ओट्याखालचा कोपरा, पातेल्यांची कल्हई आणि पाण्याच्या हंड्याचा तळ हीं त्या घरची नित्याची राहणी सांगून जातात. मोटारीचेंही असेंच आहे. बाहेरचा चकचकीत रंग हा तिचा दिवाणखाना; बॉनेट उघडल्यावर दिसतें तें तिचें स्वयंपाकघर. आमच्या घरीं एक जुनी मोटार आहे. ती शोभेची नसून रोजच्या वापरांतली आहे. तिचें हें स्वयंपाकघर नीटनेटकें करण्याच्या खटाटोपांत आमच्या हातून एक मोठी चूक घडली आणि त्या चुकीनें आम्हांला एक धडाही दिला. ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित मोटार अजून चालती आहे त्यांना तर हा धडा उपयोगी पडेलच. पण ज्यांच्याकडे मोटार नाहीं त्यांनाही त्यांत आपल्या घरचें कांहीं आढळेल, अशी आमची समजूत आहे.

आमचें बिऱ्हाड दीपनगरचें. भुसावळजवळच्या औष्णिक विद्युत् केंद्राभोवतीं वसलेली ही वसाहत. उंच धुराडीं दिसूं लागलीं कीं घर जवळ आलें, ही आमच्या मुलांची लहानपणापासूनची खूण. वैशाखांत पारा ४५ अंशांना टेकतो, कधीं त्याच्याही वर जातो. खानदेशच्या काळ्या जमिनीची धूळ वाऱ्याबरोबर येते, आणि दगडी कोळशावर चालणारें केंद्र म्हटलें कीं थोडीबहुत राख आलीच. घरांत आम्ही लहानमोठीं तेरा माणसें. त्यांच्या सेवेस १९८४ सालीं वडिलांनीं घेतलेली दुधी रंगाची प्रीमियर पद्मिनी. भुसावळचा बाजार, स्टेशनवरचे पाहुणे, जळगांवचे दवाखाने, यावल-रावेरकडील सोयऱ्यांचीं कार्यें हें सर्व ती आजही करते.

मोटारीचें कूळ

या मोटारीचें कूळ थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईंत कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. इटलींतील फियाट कंपनीनें १९५३ सालीं ‘११००’ या नांवाची नवी मोटार बाहेर काढली. तीच पुढें कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. कालांतरानें तिच्यांत सुधारणा झाल्या, नांवें बदललीं, आणि १९७० नंतरच्या दशकांत ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. या शतकाच्या आरंभास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईकरांना ती काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानेंच अधिक परिचित. टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कार्यालयांत नोंदली गेली होती. टॅक्सीच्या आयुष्याची मर्यादा २० वर्षांची असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी नाहींशी झाली. आतां ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या बहुतेक आमच्यासारख्यांच्या घरांतून.

तिचें इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचें, चार सिलिंडरांचें, सुमारें ४० अश्वशक्तीचें. पेट्रोल कार्ब्युरेटरमधून जातें, ठिणगी डिस्ट्रिब्युटर वांटतो, पंखा पट्ट्यावर फिरतो. आजच्या मोटारींत बॉनेट उघडलें तर एक मोठें काळें झाकण तेवढें दिसतें. पद्मिनींत मात्र प्रत्येक अवयव डोळ्यांसमोर असतो. जें उघडें आहे तें शिकतां येतें, आणि जें उघडें आहे तें मळतेंही. आमच्या इंजिनावर चाळीस वर्षांत तेल, धूळ आणि राख यांचा बोटभर थर बसला होता. कोळशाच्या उडत्या राखेंत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतात. चुलीच्या राखेनें भांडीं उजळतात हें खरें. पण ही राख तेलांत कालवली गेली म्हणजे तिची खरबरीत उटी होते, आणि ती उजळण्याऐवजी झिजवण्याचें काम करते. शिवाय असा जाड थर इंजिनाच्या अंगावर गोधडीसारखा बसतो आणि उष्णता बाहेर पडूं देत नाहीं.

चंदेरी रंगाची करामत

गेल्या वर्षीं पुतणीचें लग्न ठरलें. वरात वडिलांच्या गाडींतूनच निघावी अशी तिची इच्छा. धाकटा पुतण्या उत्साही, तो म्हणाला, “काका, बाहेरून गाडी झकास आहे, पण कोणी बॉनेट उघडलं तर लाज जाईल. मला चार दिवस द्या.” आम्हीं संमति दिली. त्यानें वरवर पुसून फवारणीच्या डब्यांनीं सर्व इंजिन चंदेरी करून टाकलें. बिडाचा ठोकळा चंदेरी, टॅपेट कव्हर चंदेरी, रेडिएटर चंदेरी, पाण्याच्या व पेट्रोलच्या रबरी नळ्याही चंदेरी. मांडवांत व्याह्यांनीं मुद्दाम बॉनेट उघडवून पाहिलें आणि तोंडभर स्तुति केली. आम्हीही ती मान वर करून ऐकली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

लग्नानंतर तीन आठवड्यांनीं आईला डोळे तपासण्यासाठीं जळगांवला न्यावयाचें होतें. गाडी आम्हीच चालवीत होतों. नशिराबादच्या अलीकडे आई मागून म्हणाली, “अरे, रॉकेलसारखा वास येतोय.” पुढें एक टँकर चालला होता, त्याचा असेल, असें म्हणून आम्ही पुढें गेलों. टँकर वळून गेला, पण वास राहिला. “गाडी थांबव आधी,” आईचा स्वर असा होता कीं ऐंशी वर्षांची ती आणि साठीकडे झुकलेले आम्ही, यांतलें अंतर एका क्षणांत पुन्हां पूर्वीचें झालें. आम्ही गाडी कडेस घेतली, इंजिन बंद केलें आणि बॉनेट उघडलें.

पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी ओली होती. चंदेरी रंगाची पापडी एका जागीं फुगली होती आणि तिच्याखालून थेंब थेंब पेट्रोल इंजिनाच्या अंगावर उतरत होतें. तेथून तापलेला एक्झॉस्ट वीतभर अंतरावर होता. आईला उतरवून दूर निंबाच्या सावलींत बसविलें तेव्हां आमचे हात कांपत होते. भुसावळहून मेकॅनिक आला, त्यानें नळी कापून दाखविली. आंतलें रबर कधींचेंच कडक होऊन तडकलें होतें. रंगानें तें तडकविलें नव्हतें. रंगानें तें फक्त झांकलें होतें. एरवीं महिन्याकांठीं कोणी ना कोणी ती नळी पुसली असती, बोटाला भेगा लागल्या असत्या. चकाकी पाहून तिच्याकडे कोणाचा हात गेलाच नाहीं.

या नळ्यांविषयीं एक गोष्ट सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं तें २० टक्क्यांवर पोंचलें. जुन्या मोटारींतील रबर या मिश्रणासाठीं केलेलें नव्हतें. इथेनॉलनें तें कोठें फुगतें, कोठें मऊ पडतें, कोठें ठिसूळ होतें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, त्यामुळें कार्ब्युरेटरच्या धातूलाही तें बाधतें. तेव्हां जुन्या गाडींतील पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचीं रबरी वॉशरें हीं इथेनॉलला टिकणारीं घालून घेणें ही आतां निकडीची बाब झाली आहे.

त्या रात्रीं घरांत खल झाला. थोरले बंधु म्हणाले, “आतां पुरे झालं. वडिलांची आठवण म्हणून माणसांचा जीव धोक्यांत घालायचा नाहीं. विकून टाका.” त्यांचें म्हणणें खोडून काढण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. पुतण्या मान खालीं घालून बसला होता. अखेर आईच म्हणाली, “गाडीनं काय केलं? तुम्हीच तिच्या तोंडाला रंग फांसलात.” एवढ्यावर विक्री तहकूब झाली. गाडी आधीं नीट करावी, मग ठेवावयाची कीं नाहीं तें ठरवावें, असें ठरलें.

पुसणें म्हणजे पाहणें

आमच्या शेजारीं रेल्वेंतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात. भुसावळ हें १८६० नंतरच्या दशकापासून रेल्वेचें गांव. वाफेच्या इंजिनांच्या काळीं ड्रायव्हर होऊं इच्छिणाऱ्या तरुणास प्रथम ‘क्लीनर’ म्हणून शेडमध्यें इंजिनें पुसावीं लागत. मग तो फायरमन होई आणि पुष्कळ वर्षांनीं ड्रायव्हर. शेजारीही याच पायऱ्या चढून आलेले. पुतण्याला ते म्हणाले, “आम्हांला पुसायला लावत ते इंजिन सुंदर दिसावं म्हणून नव्हे. पुसतांना हात प्रत्येक बोल्टावरून जातो. ढिला कोणता, तडकलेला कोणता, हे हाताला कळतं. पुसणं म्हणजे पाहणं.”

हें एक वाक्य आमच्या पुढील सर्व कामाचें सूत्र ठरलें. प्रदर्शनांतील गाडी आणि चालती गाडी यांत येथेंच भेद आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण अशी गाडी नित्याच्या वाहतुकीस वापरतां येत नाहीं. तिचें इंजिन आरशासारखें ठेवलें तरी चालेल, कारण तिला धुळींतून बाजारास जावयाचें नसतें. आमच्या गाडीला जावयाचें आहे. तिची शोभा अशी हवी कीं ती दोष झांकणार नाहीं, उलट दोष दाखवून देईल.

तीन रविवार

पहिला रविवार धुण्यांत गेला. इंजिन पूर्ण थंड असतांनाच हात घालावा. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडलें तर तें तडकण्याची भीति असते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. कार्ब्युरेटरचें तोंड, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि अल्टरनेटर यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात. मग पाणी न लावतां कोरड्या कुंचल्यानें धूळ व राख झाडून घ्यावी; आधींच ओलें केलें तर त्याचा चिखल होऊन तो सांध्यासांध्यांत शिरतो. तेलाचे जाड थर लांकडाच्या खरवडणीनें काढावे. त्यानंतर तेलकटपणा काढणारें डिग्रीझर लावून, दहा मिनिटें थांबून, कुंचल्यानें घासावें आणि साध्या नळाच्या पाण्यानें धुवावें. जोराच्या फवाऱ्यानें धुतलें तर पाणी ठिणगीच्या यंत्रणेंत जातें आणि गाडी दोन दिवस अडखळत चालते. पेट्रोलनें इंजिन धुण्याची कांहीं जणांची रीत आहे. तिच्याइतकी घातक रीत दुसरी नाहीं.

सर्व कोरडें झाल्यावर आम्हीं गाडी थोडी फिरवून आणली आणि पुन्हां बॉनेट उघडलें. आतां खरें चित्र दिसलें. टॅपेट कव्हरच्या कडेनें तेल झिरपत होतें, पाण्याच्या पंपाखालीं एक हिरवट ओघळ होता, रेडिएटरच्या वरच्या नळीची क्लिप सैल होती. पुतण्यानें प्रत्येक जागीं खडूनें खूण केली. एकूण सात खुणा झाल्या. चाळीस वर्षांच्या थराखालीं हे सातही दोष सुखानें नांदत होते.

दुसरा रविवार त्या खुणा पुसण्यांत गेला, आणि हें काम मेकॅनिकच्या देखरेखीखालीं केलें. टॅपेट कव्हरचें गॅस्केट नवें घातलें. बोल्ट मात्र बेतानेंच आवळले, कारण फार आवळले तर पातळ पत्र्याचें झांकण वांकतें आणि गळती वाढते. पाण्याचा पंप दुरुस्त करून घेतला. पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि त्यांच्या क्लिपा बदलल्या. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा फुलोरा आला होता. तिचीं झाकणें घट्ट लावून, कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून तो धुतला, टोकें घासून वर व्हॅसलीनचें बोट फिरविलें. बॅटरीखालचा पत्रा आम्लानें खाल्ला होता. तो घासून, रेड ऑक्साइड लावून, मग रंगविला. विजेच्या तारा मूळच्या मार्गानेंच नेल्या, एक्झॉस्टपासून दूर बांधल्या, आणि जेथें त्या पत्र्यांतून जातात तेथें नवे रबरी बुश बसविले. पत्र्याच्या धारेवर घासून तार उघडी पडणें हेंही आगीचें एक मोठें कारण असतें.

रंग कोठें आणि कोठें नाहीं

तिसऱ्या रविवारीं, आणि तिसऱ्याच रविवारीं, रंगाचा डबा उघडला. आंतील पत्र्यास बाहेरचाच दुधी रंग दिला. फिकट रंगावर तेलाचा एक थेंब पडला तरी लगेच दिसतो, हा त्याचा मोठा गुण. लोखंडी पट्ट्या व टेकू काळे केले. बिडाच्या ठोकळ्यास उष्णता सोसणारा इंजिनाचा रंग पातळ हातानें दिला. एक्झॉस्टला साधा रंग लावूं नये. तो जळतो, धुरकटतो आणि पापुद्रे सोडतो. त्यासाठीं निराळा, फार उच्च तपमान सोसणारा रंग मिळतो, तो लावावा किंवा तो भाग तसाच ठेवावा. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचें आहे. तें नायलॉनच्या कुंचल्यानें घासून उघडेंच ठेवलें. तारेचा ब्रश लावला कीं मऊ धातूवर ओरखडे उठतात आणि त्यांतच पुढें मळ बसतो.

रेडिएटरवर पुतण्यानें दिलेला जाड चंदेरी लेप काढण्यासच अर्धा दिवस गेला. त्याच्या बारीक जाळींत रंग भरला कीं हवेचा मार्ग अडतो आणि पाणी निवत नाहीं. आमच्या वैशाखांत ही चूक परवडणारी नव्हे. रबराच्या कोणत्याही वस्तूस रंग लावूं नये हें तर आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. जेथें विजेची अर्थची पट्टी इंजिनास व सांगाड्यास जोडलेली असते तेथें धातु उघडाच हवा, कारण रंग वीज अडवितो. ब्रेकचें तेल सांडलें तर तें रंग खाऊन टाकतें, म्हणून त्याच्या भांड्याभोंवतीं ओला डाग दिसतांच पाण्यानें धुवावा.

आणखी एक सूचना. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक जेथें ठोकलेला असतो तेथें घासूं नये, रंगाचे थर देऊं नयेत. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते; पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. त्या वेळीं क्रमांक वाचतां आला नाहीं तर सुंदर इंजिनाचा उपयोग शून्य. कारखान्याची छोटी पट्टीही आम्हीं मऊ फडक्यानें पुसून तशीच ठेवली. तिच्यावर एक ओरखडा आहे; तो वडिलांच्या पान्याचा. तो घालविण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

या सगळ्यास लागलेला खर्च लग्नांतील बँडाहून कमी झाला. क्रोमचें एकही झाकण आणलें नाहीं, रंगीबेरंगी नळ्या घातल्या नाहींत. व्याही पुन्हां आले तेव्हां त्यांना बॉनेट उघडून दाखविलें. ते क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, “मागच्या वेळीं जास्त चमकत होतं.” पुतण्या हंसून म्हणाला, “हो, मागच्या वेळीं गळतही होतं.”

पांढरें फडकें

काम संपलें असें मात्र चालत्या गाडीच्या बाबतींत कधींच म्हणतां येत नाहीं. समई एकदां घासली म्हणजे वर्षाची निश्चिंति झाली असें कोणी गृहिणी म्हणत नाहीं. दर शनिवारीं सकाळीं, इंजिन थंड असतांना, पुतण्या पंधरा मिनिटें एक धुतलेलें पांढरें फडकें घेऊन बॉनेटखालीं हात फिरवितो. फडकें पांढरेंच हवें. त्यावर काळा डाग आला तर इंजिनाचें तेल, हिरवट आला तर रेडिएटरचें पाणी, आणि डाग न येतां नुसता वास आला तर पेट्रोल. मग त्या दिवशीं गाडी हलत नाहीं. नळ्या बोटांनीं दाबून पाहावयाच्या: कडक लागली तरी बदलावयाची, चिकट लागली तरी बदलावयाची.

घरांतील दोन मुलींनीं आतां या कामांत भाग मागितला आहे, आणि एकीस डिस्ट्रिब्युटर कसा चालतो हें तिच्या चुलतभावाहून अधिक चांगलें समजतें. थोरल्या बंधूंनीं विक्रीचा विषय अजून सोडलेला नाहीं. ते म्हणतात, पुढील नोंदणीच्या वेळीं पाहूं. त्यांचें सावधपण घरांत असावें असेंच आम्हांला वाटतें. चकाकीवर भुलणारे घरांत पुष्कळ असतात. शंका घेणारा एकच असला तरी पुरतो.

आई अजून त्याच गाडीनें जळगांवला जाते. मात्र दार उघडून आंत बसण्यापूर्वीं ती पुतण्याकडे वळून प्रत्येक वेळीं एकच प्रश्न विचारते, “फडकं कोरडं आहे ना रे?” आणि तो फडकें उलगडून तिला दाखवितो.